लाल लाईट लागून होता: घरी बनवलेल्या एका बॅटरी चार्जरचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर यायचे. आता हंगामाप्रमाणे माल बदलतो: पावसाळ्यात फवारणीचे बॅटरी पंप, दिवाळीनंतर मोटारीचे ऑटो स्विच आणि झटका मशीन.

झटका मशीन म्हणजे वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) ओढलेल्या तारेत दर सेकंदाला साधारण एकदा हजारो व्होल्टचा अगदी क्षणभराचा धक्का सोडणारं यंत्र. तारेला लागलेलं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) दचकून मागं फिरतं, मरत नाही. हे सगळं १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालतं. बॅटरी बसली की तार ही नुसती तार.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना मी काका म्हणेन. गाव माझ्या दुकानापासून पंचवीसेक किलोमीटर, जंगलाला लागून. चार एकर चना, कडेला तूर. मशीनसोबत सोलर पॅनल होतं, पण माकडांनी त्यावर उड्या मारून काच फोडली. नवीन पॅनल घ्यायचं तर चना निघाल्यावर, असं ठरलं. तोवर रोज सकाळी बॅटरी गाडीवर घरी आणायची, दिवसभर चार्ज करायची, संध्याकाळी वावरात न्यायची.

चार्जर काकांच्या पुतण्यानं बनवलेला. पोरगा आयटीआयला होता, हात चांगला. नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेला १२-०-१२ चा (मधल्या टोकापासून दोन्हीकडे १२ व्होल्ट देणारा) दोन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन ५४०८ चे दोन डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे), २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे आउटपुट ठरलेल्या व्होल्टेजवर धरणारा एलएम ३१७ रेग्युलेटर, त्याला अॅल्युमिनियमचा हीट सिंक. प्रिसेट (पेचकसानं फिरवायचा बदलता रेझिस्टर) फिरवून आउटपुट १३.८ व्होल्टला लावलेलं. आउटपुटवर एक किलो ओहमच्या रेझिस्टरमागे लाल एलईडी, आणि दोन मगरचिमटे. सगळं एका लाकडी पाटीवर, २३० व्होल्टचे जोड उघडेच. त्याबद्दल मी त्याला पहिल्याच दिवशी बोललो. घरात लहान लेकरं होती.

तक्रार

"बॅटरी दिवसभर लावून ठेवतो भाऊ, लाल लाईट लागून राहते, अन् रातच्याला दोन वाजता मशीन बंद." काकांचं पहिलं वाक्य हे. दोन रात्रींत डुकरांनी धुऱ्याकडच्या सहा-सात ओळी उकरल्या होत्या. मशीनवर भरवसा ठेवून त्यांनी जागल सोडली होती. आता पुन्हा मचाणावर बसायची पाळी आली.

पहिलं निदान

बॅटरी सीलबंद लेड-अॅसिड, १२ व्होल्ट १२ एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठवण), दीड वर्षाची. टर्मिनलवर ११.४ व्होल्ट. दुकानातल्या लाईनवर त्यांचाच चार्जर लावून पाहिला. नुसत्या चिमट्यांवर १३.८, बॅटरी जोडल्यावर पाऊण अँपिअरच्या आसपास करंट. मी चार्जर बाजूला ठेवला. रात्रभर बॅटरी चार्ज करून सकाळी तिला २१ वॅटचा गाडीचा बल्ब लावला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो. चांगल्या बॅटरीवर तो साडेपाच-सहा तास जळायला हवा; अडीच तासांतच व्होल्टेज अकराच्या खाली आलं.

मी सांगितलं, बॅटरी गेली. काकांनी नवीन घेतली, सोळाशे रुपयांची.

ही बॅटरी खरंच गेलेली होती. पण ती का गेली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दीड वर्ष झालं, उन्हात राहिली, गेली असेल, असं म्हणून मोकळा झालो. लेड-अॅसिड बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट जमतं आणि क्षमता परत येत नाही. म्हणजे अर्धवट चार्ज हे कारण असू शकतं आणि मेलेली बॅटरी हा परिणाम. मी परिणामालाच कारण समजलो.

दुसरी फेरी

अकरा दिवसांनी काका परत. नवीन बॅटरीनं पहिला आठवडा बिनघोर काढला, दुसऱ्या आठवड्याच्या तिसऱ्या रात्री मशीन बंद. मी मशीन तपासलं: ०.३५ अँपिअर घेत होतं. बारा तासांचे सव्वाचार एएच. पूर्ण भरलेली १२ एएचची बॅटरी यात दोन रात्री आरामात काढते, तिसऱ्या रात्री मध्येच दम तोडते. हे गणित मी कागदावर मांडलं आणि तिथंच थांबलो. तिसरी रात्र म्हणजे मधल्या दोन दिवसांत बॅटरीत काहीच गेलं नाही, हे त्या कागदावर लिहिल्यासारखंच होतं.

त्याऐवजी मी प्रिसेटवर संशय घेतला. स्वस्त प्रिसेट धुळीनं बिघडतात, हे खरं. तो काढून पक्के रेझिस्टर बसवले, १३.८ पुन्हा तपासलं, पैसे न घेता परत दिला. चार्जर माझ्या टेबलावर दोन्ही वेळा चांगलाच चालला होता, आणि जे चांगलं चालत होतं त्याचीच मी दुरुस्ती करत होतो.

दिवसाची लाईन, रातची लाईन

तिसऱ्या वेळी काका एक निरीक्षण घेऊन आले. "ज्या हप्त्यात दिवसाची लाईन असते ना भाऊ, त्याच हप्त्यात डुक्कर घुसते. रातच्या लाईनच्या हप्त्यात येत नाई."

शेतीच्या थ्री फेजची पाळी त्या हंगामात आठवड्याआड होती, एक हप्ता दिवसा आठ तास, एक हप्ता रात्री. मी हसून उत्तर दिलं. रातच्या लाईनच्या हप्त्यात सगळं गाव ओलितासाठी वावरात असतं. टॉर्च असतात, मोटारींचा आवाज असतो, माणसं एकमेकांना हाका मारतात. डुक्कर कशाला येईल? काकांनाही ते पटलं.

हे उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते घातक ठरलं. डुकराचं येणं-न येणं त्यानं समजत होतं, पण मशीन बंद का पडतं ते समजत नव्हतं. तक्रार मशीनची होती आणि मी डुकराचा खुलासा देत बसलो.

गाठ पुतण्यानं सोडवली, तीही नकळत. चार्जरची बाजू घेत तो म्हणाला, "नाई जी, चार्जर चांगला हाये. रातच्या लाईनच्या हप्त्यात तेवढा हीट सिंक तापते. दिवसाच्या हप्त्यात तर थंडगार राहते."

त्याच्या दृष्टीनं तापणं हा दोष आणि थंड राहणं हा गुण. पण एलएम ३१७ मधून करंट गेला की तो तापणारच. जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करूनच संपवतो. रिकामी बॅटरी लावलेली आणि हीट सिंक थंड, याचा अर्थ एकच: करंट जात नाही. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या मागोमाग गावाला निघालो.

गावात काय दिसलं

दिवसाच्या लाईनचा हप्ता होता, सकाळचे अकरा. घरातल्या सॉकेटवर मीटर लावला: १६८ व्होल्ट.

नियमाप्रमाणे घरगुती लाईन २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मध्ये असायला हवी. पण या गावात घरांची आणि शेतीची लाईन एकाच फिडरवर (पुरवठ्याच्या मुख्य तारेवर) होती आणि काकांचं घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) सगळ्यात लांबच्या खांबावर. थ्री फेज आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. चण्याच्या आणि गव्हाच्या पाण्याचे दिवस. शेवटच्या घरापर्यंत व्होल्टेज पोचतच नव्हतं. दुकानातली माझी लाईन २३२ ची. टेबलावर दोष दिसणार तरी कसा?

आता हिशेब बघा. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट हे २३० ला. १६८ ला ते ८.८ राहतात. त्याच्या लाटेचं शिखर साधारण १.४ पट, म्हणजे १२.४, डायोडमध्ये ०.८ गेले, कपॅसिटरवर उरले ११.६. एलएम ३१७ ला स्वतःसाठी दीड-दोन व्होल्ट लागतात. म्हणजे पुढे दहाच्या आसपास. बॅटरी होती १२.१ वर. उतारच उलटा.

मग लाल लाईट कशाचा? मी चिमटे बॅटरीला तसेच ठेवून सॉकेटमधून पिन उपसली. लाईट लागूनच होता.

पुतण्या त्या एलईडीकडे पाहत राहिला. इतके दिवस ते लोक चार्जिंग झाल्यावर आधी चिमटे काढायचे, मग बटण बंद करायचे. मीही दुकानात तसंच केलं होतं. आउटपुट आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड नसल्यामुळे एलईडीला बॅटरीच वीज देत होती. लाईटचा अर्थ "चार्जिंग चालू आहे" असा नव्हताच. त्याचा अर्थ "चिमटे बॅटरीला लागले आहेत" एवढाच होता.

मीटर अँपिअरवर लावून मालिकेत जोडला. काट्याचा मीटर असता तर काटा उलट्या बाजूला गेला असता. डिजिटलवर वजा १६ मिलिअँपिअर आले. एलईडीचे दहा-साडेदहा, एलएम ३१७ च्या दोन रेझिस्टरांतून जाणारे पाचेक, हिशेब जुळला. दिवसभरात ही गळती फार नाही, दहा तासांत ०.१६ एएच. पण घरचे सगळे लग्नाला गेले होते तेव्हा आठवडाभर बॅटरी चार्जरलाच लावून ठेवली होती आणि लाईन तेव्हा दोन-तीन दिवस गेलीच होती, असं काकूंनी आतून सांगितलं. लाईन नसलेल्या प्रत्येक दिवशी जवळपास ०.४ एएच बाहेर जात होतं. आधीच अर्धवट चार्ज, त्यात ही गळती; जुनी बॅटरी अशीच मेली असावी.

साडेचार वाजेपर्यंत मी थांबलो. थ्री फेज गेली, मोटारी बंद झाल्या, सॉकेटवर २२६ दिसले. मीटरवरचं वजा चिन्ह गेलं, करंट ०.६ वर आला आणि पाच मिनिटांत हीट सिंक हाताला गरम लागायला लागला. साडेपाचला बॅटरी वावरात जाते. दिवसाच्या हप्त्यात तिला खरं चार्जिंग मिळत होतं ते एवढ्या एका तासाचं.

पर्याय

ओसरीत चहा घेताना शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढा खटाटोप कायले करता? तारेत डायरेक्ट लाईन सोडा." मी चहा खाली ठेवला. आमच्या भागात अशा तारेनं डुकरांबरोबर माणसं गेली आहेत, बैल गेले आहेत, वाघही गेले आहेत. बहुतेक वेळा मरणारा माणूस तार लावणारा किंवा त्याच्याच घरचा असतो, अंधारात तार विसरलेला. झटका मशीनचा धक्का क्षणाचा असतो म्हणून सुटता येतं. २३० व्होल्ट पकडून ठेवतात. हा पर्याय मी पर्याय म्हणून मोजला नाही, तरी इथं लिहितोय कारण तो प्रत्येक गावात कुणीतरी सुचवतोच.

पुतण्याला ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता. १५-०-१५ घेतला तर? १६८ ला कपॅसिटरवर साडेचौदा-पंधरा येतील, पण त्यात लोडखालचा रिपल (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा चढउतार) आणि रेग्युलेटरचा वाटा वजा केला तर पुन्हा बाराच्या आतच. १८-०-१८ चालला असता. पण रातच्या लाईनच्या हप्त्यात दिवसा मोटारी बंद असतात आणि हीच लाईन २४५ च्या वर जाते. तेव्हा कपॅसिटरवर सव्वीसच्या पुढे व्होल्ट येतात, आणि एक अँपिअरला रेग्युलेटरमध्ये तेरा वॅटची नुसती उष्णता. मोठा हीट सिंक, पन्नास व्होल्टचा कपॅसिटर, आणि तरीही एलएम ३१७ तापून स्वतःच करंट कमी करण्याची शक्यता. शक्य होतं, पण लाईन इतकी खालीवर होत असताना जास्तीचं व्होल्टेज जाळणाऱ्या अशा लिनियर रेग्युलेटरचा हट्ट धरण्यात मला अर्थ वाटला नाही. पुतण्याला ते थोडं लागलं.

घरासाठी स्टॅबिलायझर महाग पडत होता. तयार चार्जर मिळतो, पण आमच्या बाजारात बहुतेक ट्रान्सफॉर्मरचेच, म्हणजे आजार तोच. बॅटरी रोज तालुक्याला आणणं पेट्रोलच्या हिशेबानंच बाद. नवीन पॅनल सगळ्यात बरं, पण पैसे चण्यातच अडकलेले.

माझ्याकडे भंगारात एक जुना लॅपटॉप अॅडॉप्टर होता, १९ व्होल्ट ३.४ अँपिअरचा. त्याच्या पाठीवर इनपुट १०० ते २४० छापलेलं. एसएमपीएस (इनपुट कमी-जास्त झालं तरी आउटपुट सांभाळणारा सप्लाय) असल्यामुळे १६८ काय आणि २२६ काय, त्याचं आउटपुट १९ च राहतं. निर्णय इथंच झाला.

काय केलं

अॅडॉप्टरपुढे एक्सएल ४०१५ चं व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारं मॉड्यूल लावलं. करंट १.२ अँपिअरला, म्हणजे क्षमतेच्या दहा टक्क्यांना बांधला. व्होल्टेजवर आमची थोडी चर्चा झाली. रोज रात्री वापरल्या जाणाऱ्या बॅटरीला १४.४ पर्यंत नेलं तर ती लवकर आणि पुरती भरते, पण मग वेळेवर काढावी लागते. या घरात बॅटरी लावून लग्नाला जातात हे ऐकलेलंच होतं. १३.८ वर ठेवलं.

आउटपुटला १एन ५८२२ हा शॉटकी डायोड, जेणेकरून बॅटरीतून उलटं काही येऊ नये. यात एक खाच आहे: हा डायोड स्वतः ०.२ ते ०.५ व्होल्ट खातो आणि करंट कमी झाला की कमी खातो. म्हणून १३.८ हे डायोडच्या अलीकडे न मोजता बॅटरीच्या टोकाला, चार्जिंग संपत आलेलं असताना लावलं. अलीकडे लावलं असतं तर बॅटरी थोडी अर्धपोटी राहिली असती.

लाल एलईडी डायोडच्या अलीकडे घेतला. आता लाईन गेली की लाईटही जातो. पण लाईट लागला म्हणजे बॅटरीत करंट जातोच असं अजूनही नाही, म्हणून चिमट्याच्या वायरमध्ये पुतण्यानं जुन्या ट्रॅक्टरचा काट्याचा अँपिअर मीटर बसवायचं सुचवलं. तो मीटर तीस अँपिअरचा, त्यावर सव्वा अँपिअर दिसणार तरी किती? शेवटी मी लहान डिजिटल मीटर दिला. बॅटरीच्या प्लस वायरमध्ये तीन अँपिअरचा फ्यूज, सगळं झाकणाच्या प्लास्टिक डब्यात. माझ्याकडचं सामान धरून साडेचारशेच्या आत.

पुढे काय झालं

काकांना कॅलेंडरच्या कोऱ्या जागेत रोज दोन आकडे लिहायला सांगितले: सकाळी चार्जिंगला लावताना मीटरवर किती, संध्याकाळी काढताना किती. महिन्याभरानं ते पान मी पाहिलं. दिवसाच्या आणि रातच्या हप्त्यात फरक उरला नव्हता. सकाळी १.२, संध्याकाळी ०.१ किंवा त्याखाली. दोन दिवस कोरे होते, लाईनच नव्हती. त्या दोन रात्री काका मचाणावर गेले.

तरी एकदा डुकरं आलीच, ओढ्याकडच्या कोपऱ्यातून. बॅटरी चांगली होती, मशीन चालू होतं. खालच्या तारेला हिरवं गवत टेकून दव पडलं की धक्का जमिनीत उतरतो. ते गवत कापणं काही माझ्या दुकानात होत नाही.

कमी व्होल्टेजचा अर्ज गावातल्या सात-आठ जणांनी मिळून वीज कार्यालयात दिला. त्याचं पुढे काही झालेलं हे लिहीपर्यंत माझ्या कानावर नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारेन: चार्जिंग कुठं करता आणि किती वाजता? चार्जर दुकानात आणला जातो, त्याची लाईन गावातच राहते. आता मी टेबलावर एक व्हेरिएक (लाईनचं व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ठेवतो. घरी बनवलेला कुठलाही चार्जर आला की त्याला १६० पर्यंत खाली नेऊन पाहतो, आणि बॅटरी लावलेली असताना पिन काढून पाहतो. दोन्हीला मिळून पाच मिनिटं लागतात.

बॅटरी लावून नुसतं व्होल्टेज मोजणं बंद केलं. १२.४ दिसले तर ते चार्जरचे की बॅटरीचे, हे मीटर सांगत नाही. करंट आणि त्याचं चिन्ह सांगतं.

सोळाशेची बॅटरी घ्यायला लावली, त्याबद्दल अजून माझं ठरलेलं नाही. जुनी मेलेलीच होती, त्यामुळे ती घ्यावी लागणारच होती, असं काका म्हणतात. पण आधी चार्जर पाहिला असता तर नवीन बॅटरीला ती एक खोल रिकामी रात्र सोसावी लागली नसती.

आणि पुतण्याच्या चार्जरबद्दल. तो त्यानं फेकला नाही. आउटपुटला डायोड घातला, एलईडी मागं घेतला, प्रिसेट परत बसवून डायोडपुढे १३.८ लावले, पाटीवर झाकण बसवलं. फवारणी पंपाची ८ एएचची बॅटरी तो त्यावर चार्ज करतो, फक्त रातच्या लाईनच्या हप्त्यात, आणि दर थोड्या वेळानं हीट सिंकला हात लावून पाहतो, तापला का.